डोंगरवाटांचे अर्थशास्त्र

गेल्या पावसाळ्यात पुतणीच्या आग्रहावरून मी सह्याद्रीतील एका किल्ल्यावर गेलो होतो. सहल एका व्यावसायिक संयोजकाने आखलेली होती. माणशी नऊशे रुपये भरले की पहाटेची बस, नाश्ता, दुपारचे जेवण आणि वाटाड्या हे सारे त्यात अंतर्भूत. तीन बसगाड्यांतून सुमारे सव्वाशे माणसे पायथ्याशी उतरली. चढण निर्विघ्न पार पडली. उतरताना मात्र निसरड्या कातळावर एका मुलीचा पाय मुरगळला आणि तिला पाऊल टेकवेना. वाटाड्या विशी-बाविशीचा, स्वभावाने सौजन्यशील मुलगा होता. परंतु त्याच्यावर चाळीस माणसांची जबाबदारी होती आणि पाच वाजता बस सुटायची होती. तो एकदा त्या मुलीकडे आणि एकदा मनगटावरील घड्याळाकडे पाहत होता. त्या अरुंद वाटेवरून पुढचा अर्धा तास आमचीच सहप्रवासी मंडळी खाली उतरत राहिली. काहींनी चौकशी केली, एकदोघांनी पाण्याची बाटली पुढे केली. थांबले मात्र फारच थोडे. एक गृहस्थ वळून आपल्या मुलाला म्हणाले, "चल, त्यांनी पैसे घेतले आहेत, ते बघतील." अखेर वाटेवर लिंबाचे सरबत विकणारा गावातील एक माणूस, माझी पुतणी, मी आणि आणखी एक विद्यार्थी अशा चौघांनी आळीपाळीने आधार देत तिला खाली आणले.

त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात राग नाही. ते सुशिक्षित होते, सभ्य होते आणि त्यांच्या वाक्यात तर्कदृष्ट्या कोणताही दोष नव्हता. पैसे घेणाऱ्याने सेवा द्यावी आणि पैसे देणाऱ्याने ती घ्यावी, हा व्यवहाराचा सरळ नियम आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने त्याला हरकत घेणे हे तर विचित्रच. परंतु तेच वाक्य गेले वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाही. कारण पंचवीस वर्षांपूर्वी, याच डोंगरात, ते वाक्य कोणाला सुचलेही नसते.

वर्गणी आणि शुल्क

आम्ही महाविद्यालयात असताना, म्हणजे १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, गडावर जायचे तर शनिवारी संध्याकाळची मुक्कामी एस. टी. गाठावी लागे. बरोबर तांदूळ, डाळ, कांदे, एक मोठे पातेले आणि सर्वांत मिळून दोन विजेऱ्या. कोणी कोणाला 'नेत' नसे. सारे मिळून जात. वाट चुकली तर सगळ्यांची चुके आणि खिचडी करपली तर सगळेच ती खात. चालण्याचा एक अलिखित दंडक होता. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे घालायचे आणि सर्वांत अनुभवी माणसाने शेवटी राहायचे. त्याच्या मागे कोणीही उरता कामा नये, एवढेच त्याचे काम. सोमवारी मधल्या सुटीत हिशेब वाचला जाई आणि उरलेले वीस-तीस रुपये दोराच्या निधीत जमा होत.

त्या वेळी आम्ही जे पैसे देत होतो त्याला वर्गणी म्हणत असू. आज जे देतो ते शुल्क आहे. रक्कम कमी-अधिक असेल. परंतु हे दोन शब्द दोन वेगळ्या नात्यांची नावे आहेत. वर्गणी देणारा त्या उपक्रमाचा भागीदार होतो, तर शुल्क देणारा ग्राहक. गणेशोत्सवाची वर्गणी देणारा मंडपाचा खांब पडू लागला तर धावतो. चित्रपटगृहाचे तिकीट काढणारा छत गळू लागले तर व्यवस्थापकाला बोलावतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न इतकाच की, डोंगर हा मंडप आहे की चित्रपटगृह?

महाराष्ट्रातील दुर्गभ्रमणाचा छंद हा मुळात मंडपाच्या जातीचा आहे. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी आपल्या लेखणीने आणि त्याहून अधिक आपल्या पायांनी मराठी मध्यमवर्गाला गडांची ओढ लावली. पुढे मुंबई, पुणे, नाशिक येथेच नव्हे तर लहान शहरांतही गिर्यारोहकांच्या संस्था उभ्या राहिल्या. पुण्यातील 'गिरिप्रेमी' ही संस्था १९८२ सालची. २०१२ मध्ये तिचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. अशा संस्थांमागे भांडवल होते ते कारकून, शिक्षक, कारखान्यातील कामगार आणि विद्यार्थी यांच्या रविवारांचे. त्यांनी वाटा शोधल्या आणि त्यांची टिपणे करून ठेवली. गाळाने भरलेली टाकी उपसली, कातळात खिळे ठोकले, पडक्या पायऱ्यांवरील माती दूर केली आणि दोराच्या गाठी पुढच्या पिढीला शिकविल्या. यांपैकी कशाचेही मूल्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत कधी आले नाही. तरीही ती संपत्ती होती; आणि सामायिक होती.

आजचा व्यावसायिक संयोजक हीच संपत्ती वापरतो. वाट त्याने शोधलेली नसते, टाके त्याने उपसलेले नसते, गड तर त्याचा नसतोच. त्याच्या अंदाजपत्रकात बसचे भाडे असते, जेवण असते, जाहिरात असते. ज्या गोष्टीमुळे गिऱ्हाईक येते त्या गोष्टीच्या खात्यावर मात्र शून्य असते. अर्थशास्त्रात याला फुकट लाभ घेणे म्हणतात. त्यात बेकायदा काही नाही. परंतु विहिरीचे पाणी उपसणारे वाढले आणि गाळ काढणारे घटले म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. २०२३ च्या जुलैमध्ये लोहगडाच्या वाटेवर गर्दी अशी कोंडली की, माणसे तासन्‌तास जागच्या जागी अडकून पडली. तोच लोहगड २०२५ च्या जुलैत, महाराष्ट्रातील दहा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा अन्य अकरा किल्ल्यांसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. मान वाढला, तशी गर्दीही वाढणार हे उघड आहे.

किंमत लागली की काय होते

गर्दी हा दिसणारा परिणाम आहे. न दिसणारा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. इस्रायलमधील हैफा शहरात उरी नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकेला खोळंबून राहावे लागे. म्हणून काही पाळणाघरांत, दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास मुलामागे दहा शेकेल दंड ठेवण्यात आला. अपेक्षा अशी की, उशीर कमी होईल. प्रत्यक्षात तो वाढला आणि जवळजवळ दुपटीवर जाऊन स्थिरावला. कारण स्पष्ट आहे. पूर्वी उशीर झाला की शिक्षिकेपुढे ओशाळे व्हावे लागे. आता दहा शेकेल दिले की हिशेब मिटत असे. दंडाची किंमत झाली होती. यापुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. काही आठवड्यांनी दंड रद्द करण्यात आला, तेव्हा उशीर पूर्ववत कमी झाला नाही. किंमत गेली, पण गेलेला संकोच परतला नाही.

तत्पूर्वी १९७० मध्ये रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने रक्तदानाविषयी असाच मुद्दा मांडला होता. रक्ताचा बाजार मांडला म्हणजे दानाची वृत्ती त्याच्या शेजारी सुखाने नांदत नाही, ती कोमेजते, असे त्याचे प्रतिपादन होते. सर्वच अर्थशास्त्रज्ञांना ते मान्य झाले नाही. परंतु पैसा हा निव्वळ तटस्थ मापदंड आहे, तो नात्याला स्पर्श न करता केवळ त्याचे मोजमाप करतो, हे गृहीतक त्यानंतर पूर्वीइतके निर्धास्तपणे धरता येईनासे झाले.

हे जगाच्या सर्वोच्च शिखरावरही घडले आहे. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर पहिली पावले पडली ती एका मोठ्या संघाच्या एकत्रित श्रमांतून. १९९० नंतरच्या काळात पैसे घेऊन शिखरावर नेणाऱ्या मोहिमांची तेथे रीघ लागली. १९९६ च्या मे महिन्यात एका वादळात आठ गिर्यारोहक मृत्यू पावले. त्यांत अशा दोन व्यावसायिक मोहिमांचे नेतेही होते. २००६ मध्ये डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक शिखराखाली अत्यवस्थ स्थितीत होता आणि सुमारे चाळीस माणसे त्याच्या जवळून गेली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. एडमंड हिलरींनी या वृत्तीवर जाहीरपणे कठोर टीका केली होती. तेवढ्या उंचीवर दुसऱ्याला वाचविणे किती दुष्कर असते हे मान्य केले, तरी अस्वस्थता उरतेच. नेपाळ सरकारने २०२५ मध्ये परदेशी गिर्यारोहकांसाठी वसंत ऋतूतील एव्हरेस्टचा परवाना अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलरांवर नेला. त्याने तिजोरीत भर पडेल. परंतु ज्याने पंधरा हजार मोजले आहेत तो वाटेत थांबण्यास अधिक राजी होईल की कमी, याचा विचार वाचकांनीच करावा.

जे विकत मिळत नाही

आपल्या सह्याद्रीत ही अवस्था अद्याप आलेली नाही आणि म्हणूनच बोलण्याची वेळ हीच आहे. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात सहलीची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली आणि सुमारे तीस माणसे दगावली. पावसाने निसरड्या झालेल्या त्या दरीत दोराने उतरून मृतदेह वर काढणाऱ्यांत परिसरातील गिर्यारोहक तरुण होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे रस्ता नव्हता, यंत्रे पोहोचू शकत नव्हती. भर पावसात डोंगर चढूनच जावे लागत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बरोबरीने तेथे जे राबले त्यांत गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवकही होते. ज्या पायवाटेवर त्यांनी हौसेखातर अनेक रविवार घालविले होते, तीच वाट त्यांना त्या रात्री उपयोगी पडली.

या स्वयंसेवकांपैकी बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून हे काम करतात. रात्री दोन वाजता फोन आला तर दोर खांद्यावर टाकून निघायचे आणि सकाळी कामावर रजेचा अर्ज द्यायचा. अशा कामाचे कंत्राट काढता येईलही. परंतु मग कंत्राटात जितके लिहिले आहे तितकेच होईल. ही माणसे येतात याचे कारण एकच. डोंगरात अडकलेला माणूस आपला आहे, असे त्यांना शिकविले गेले आहे. सर्वांत शेवटी चालण्याच्या त्या दंडकातूनच हे शिक्षण होत आले. आता नव्या पिढीतील बहुसंख्य मुलांची डोंगराशी पहिली ओळख ग्राहक म्हणून होत असेल, तर उद्याचे स्वयंसेवक कोठून यावयाचे? व्यावसायिक सहलींत जखमी होणाऱ्यांनाही शेवटी वाचवितात ते बिनमोबदल्याचे हेच तरुण. म्हणजे बाजार ज्या झाडाच्या सावलीत बसला आहे त्याच्याच मुळांना त्याची झळ लागत आहे.

दुसरी बाजू

तथापि पूर्वीचे सारे सोन्याचे होते, असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. आमच्या वेळच्या मंडळांची दारे उघडी होती असे आम्ही मानत असू. परंतु ती कोणाला उघडी दिसत होती? बहुतेक ठिकाणी सभासद म्हणजे एकाच महाविद्यालयातील, एकाच पेठेतील किंवा एकाच कचेरीतील मुलगे. माझ्या वर्गातील मुलींपैकी मुक्कामाच्या सहलीला येऊ शकणाऱ्या दोघीच होत्या आणि त्यांतील एकीचा भाऊ आमच्यात होता म्हणून तिला परवानगी मिळाली होती. ओळख नसलेल्याला, गावाकडून नव्याने शहरात आलेल्याला, तिशी उलटलेल्या गृहिणीला त्या वर्तुळात शिरकाव नव्हता. आज कोणतीही तरुणी फोनवरून नाव नोंदवून अनोळखी माणसांबरोबर निर्धास्तपणे गडावर जाऊ शकते. हा बाजाराने आणलेला मोकळेपणा आहे आणि तो लहान नाही. पैशाचे हे एक वैशिष्ट्यच आहे की, तो कोणाची जात वा ओळख विचारत नाही.

पायथ्याच्या गावांचाही विचार केला पाहिजे. आम्ही ज्या घरांत पिठले-भाकरी खात असू, तेथे संकोचाने काही रुपये ठेवून येत असू आणि त्याला आतिथ्य म्हणत असू. आज तीच घरे ताटाचा दर लावतात, ओसरीवर मुक्कामाची सोय करतात आणि त्यातून मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. त्यांच्या या व्यवहाराला नाक मुरडण्याचा शहरातल्या हौशी माणसाला अधिकार नाही. आमचा समाजभाव कित्येकदा त्यांच्या फुकट श्रमांवर पोसला गेला होता, हेही कबूल करावयास हवे.

तेव्हा प्रश्न व्यवसाय असावा की नसावा हा नाही. व्यवसायाने कोठवर यावे हा आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था केली. सुरक्षिततेचा आग्रह योग्यच आहे. मात्र नियमनात एक धोका असतो. नोंदणी, कागदपत्रे, तपासणी यांचा खर्च संयोजक गिऱ्हाइकाकडून वसूल करू शकतो. वर्गणीवर चालणारे मंडळ तो कोणाकडून वसूल करणार? नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला आणि हौसेने चालणाऱ्या मंडळाला कागदपत्रांचे एकच माप लावले, तर मंडळे बंद पडतील आणि डोंगर पूर्णपणे बाजाराच्या हाती जाईल. सुरक्षेचे नियम दोघांना समान असावेत, सोपस्कार मात्र समान नसावेत.

तोर्बेलचा नियम

सामायिक संपत्तीचे दोनच भवितव्य संभवतात, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ मधील प्रसिद्ध लेखाने ती रूढ केली. एक तर प्रत्येक जण ओरबाडून कुरण उजाड करील, नाहीतर ते कोणाच्या तरी मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात द्यावे लागेल. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, जगभरची उदाहरणे तपासून दाखवून दिले की, तिसरा मार्गही आहे. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत आणि ते पाळले जातात की नाही हे त्यांनीच पाहावे. त्यांच्या उदाहरणांपैकी एक स्वित्झर्लंडमधील तोर्बेल या डोंगरी गावाचे आहे. तेथील उंचावरील कुरणे गावाच्या सामायिक मालकीची. १५१७ साली त्या गावाने नियम केला की, हिवाळ्यात ज्याला जितक्या गाई स्वतः पोसता येतील तितक्याच त्याने उन्हाळ्यात कुरणावर सोडाव्यात. हा एक साधा नियम शतकानुशतके कुरणाचे रक्षण करीत राहिला.

आपल्या डोंगरांसाठीही असाच एक साधा नियम करता येण्याजोगा आहे. संकट आल्यास जितकी माणसे तुम्हाला स्वतः सुखरूप खाली आणता येतील, तितकीच वर न्यावीत. एका वाटाड्यामागे चाळीस माणसे या कसोटीला उतरणार नाहीत. बारा-पंधरा कदाचित उतरतील. दुसरे असे की, व्यावसायिक सहलीत माणशी एक लहानशी रक्कम त्या गडाच्या देखभालीसाठी बाजूला काढली जावी आणि तिचा विनियोग पायथ्याच्या गावाच्या ग्रामसभेने ठरवावा. तिचा काही भाग बचाव संस्थांना दोर, स्ट्रेचर आणि स्वयंसेवकांचा विमा यांसाठी मिळावा. मजुरीसाठी मात्र नको. अन्यथा हैफाची पुनरावृत्ती होईल. तिसरे म्हणजे, वाटांची आणि पाण्याच्या जागांची माहिती ही कोणाच्याही खाजगी मालकीची होऊ नये. आणि चौथी गोष्ट, मंडळांनी आपली दारे खरोखर उघडावीत. ज्यांना पूर्वी ओळखीअभावी आत येता आले नाही ते बाजाराकडे गेले, यात बाजाराचा दोष नव्हता.

यातील काहीही अवघड नाही. अवघड आहे ती एक मनोवृत्ती टिकविणे. पैसे दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही समजूत डोंगरापुरती राहत नाही. शाळेत शुल्क भरले, ते बघतील; सोसायटीचा देखभाल खर्च भरला, ते बघतील; कर भरला, ते बघतील. 'ते' म्हणजे कोण, हे विचारावयाची सवय नाहीशी झाली की समाज उरत नाही, केवळ ग्राहकांची यादी उरते. छंद ही माणसाने आपण होऊन, कोणाच्या सांगण्यावाचून स्वीकारलेली गोष्ट. तेथेही आपण सोबती म्हणून वागू शकलो नाही, तर अन्यत्र वागू अशी आशा कोणत्या आधारावर धरावी?

त्या दिवशी मुलीला बसमध्ये बसविल्यानंतर मी त्या सरबतवाल्याला शंभराच्या दोन नोटा देऊ केल्या. सकाळपासूनचा त्याचा धंदा आमच्यामुळे बुडाला होता. त्याने चढताना आम्ही दोघांनी घेतलेल्या सरबताचे, सुटे नसल्यामुळे राहिलेले, चाळीस रुपये तेवढे घेतले, बाकीचे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "सरबत विकतो मी, सर. तिला आणलं ते काय विकायला होय?" कशाची किंमत घ्यायची आणि कशाची नाही, याचा हिशेब त्याच्या मनात स्वच्छ होता. आमच्या विषयाची जाड पुस्तके वाचूनही आम्हाला तो इतका स्पष्टपणे मांडता आलेला नाही.